मज्जारज्जूतली गाठ काढणार, पाण्याची पोकळी तशीच ठेवणार. असं का?

प्रश्न (बहिणीसाठी विचारतोय)
बहिणीच्या मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आत गाठ दिसलीय, बहुधा एपेंडायमोमा (मज्जारज्जूच्या मधल्या नळीच्या अस्तरातून वाढणारी गाठ). गाठीच्या वर-खाली पाणी भरलेली लांब पोकळी आहे, रिपोर्टमध्ये 'सिरिंक्स' लिहिलंय. सर्जन म्हणतात, गाठ काढू, पोकळीचं वेगळं काही करायला नको. पोकळी तर गाठीपेक्षा कितीतरी मोठी दिसते! शिवाय ताई चांगली चालते, फक्त बटणं लावताना बोटं अडखळतात. मग ऑपरेशनची एवढी घाई का?

तेच ऑपरेशन झालेली
दादा, माझीही मानेतलीच गाठ होती, तीही एपेंडायमोमा. पोकळी गाठीमुळे तयार होते. गाठ पूर्ण निघाली की बहुतेकांची पोकळी आपोआप आकसते, शंट (पाणी वाहून नेणारी बारीक नळी) लागत नाही. नुसतं पाणी काढलं तर मूळ कारण जागेवरच राहतं आणि पाणी पुन्हा साचतं. गाठीच्या दोन्ही टोकांच्या पोकळीच्या भिंतीत सहसा ट्यूमर नसतो, म्हणून कॉन्ट्रास्ट (एमआरआयसाठी शिरेतून देतात ते औषध) दिल्यावरही ती भिंत उजळत नाही. गाठीच्या पोटातली पोकळी असेल तर ती गाठीबरोबरच निघते.

घाईचं म्हणाल, तर ऑपरेशनला जाताना हातापायांत जेवढी ताकद असते, साधारण तेवढीच पुढे टिकते. गेलेली परत येईलच याची खात्री नाही. ताई चालतेय तोवरच करून घ्या, अगदी मनापासून सांगते.

मला आधी कुणी नीट सांगितलं नव्हतं ते तिला जरूर सांगा. मज्जारज्जू मागून, मधोमध उघडतात. पाय कुठे आहे ही जाणीव मेंदूकडे नेणारे तंतू तिथेच असतात. शुद्धीवर आले तेव्हा पाय हलत होते, पण डोळे मिटले की ते कुठे आहेत तेच कळेना. चप्पल पायात आहे की निसटली, हे खाली बघूनच समजायचं. पावलं धपधप पडायची. फिजिओथेरपीत आरशासमोर, रेषेवरून चालायचा सराव केला. बरंच सुधारलं, तळव्यांचा बधिरपणा मात्र राहिलाय. तिला आधीच माहीत असेल तर ती घाबरणार नाही.

ऑपरेशन थिएटरमध्ये मॉनिटरिंग करतो
मॉनिटरिंग असणार का, हे आवर्जून विचारा. डोक्यावरून अगदी क्षणभराचा विद्युतप्रवाह देऊन हातापायांच्या स्नायूंपर्यंत सिग्नल पोचतोय ना, ते आम्ही सतत बघतो. सिग्नल घसरला की सर्जन हात थांबवतात, कोमट सलाईन सोडतात, भूलतज्ज्ञ बीपी वाढवतात. बऱ्याचदा सिग्नल परत येतो. डी-वेव्ह, म्हणजे मज्जारज्जूवरच मोजलेला सिग्नल, सुरुवातीच्या निम्म्याखाली गेली तर मात्र गाठ राहिली तरी सहसा तिथेच थांबतात.

आणखी एक
नक्की निदान पॅथॉलॉजीतच होतं. अ‍ॅस्ट्रोसायटोमा (मज्जारज्जूतल्या गाठीचा दुसरा प्रकार) निघाला तर त्याची कड बऱ्याचदा स्पष्ट नसते, पूर्ण काढायच्या हट्टापायी निरोगी भागाला इजा होते. अशा वेळी काय करणार, हेही आधीच बोलून घ्या.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मॉनिटरिंगचं आणि अ‍ॅस्ट्रोसायटोमाचं पुढच्या भेटीत विचारतो. ताईने सगळं वाचलं. ती विचारतेय, जिना कधीपासून चढता आला?

तेच ऑपरेशन झालेली
कठडा धरून लवकर जमलं. उतरणं जास्त अवघड गेलं, पायरी दिसेल असा उजेड हवाच. रात्री वाटेतला दिवा चालू ठेवा.