काकांवर माहितीपट करायचा आहे, काकूंना बोलतं करावं का?

खारकरआळी

नमस्कार. माझे काका ठाण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. गेल्या वर्षी गेले. १९७० साली सिडको आली, ठाणे-पनवेल-उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी जाणार हे कळलं आणि काकांनी एकच ध्यास घेतला: ही गावं आहेत तशी फिल्मवर उतरवायची. जुना सोळा एमएमचा बोलेक्स कॅमेरा घेतला. रविवारी पहाटे ठाणे-बेलापूर रोडची एसटी धरायची, भातखाचरं, मिठागरं, होड्या टिपत रात्री परत. असं पंधरा वर्षं.

एका गृहस्थांनी पैसे देऊ केले होते. अट एवढीच की शेवटी नव्या इमारती दाखवायच्या आणि निवेदन घालायचं. काकांनी दारातूनच नाही सांगितलं. ते म्हणायचे, बघणाऱ्याला डोळे आहेत, त्याच्या कानात मी कशाला ओरडू? फिल्म पुरी झालीच नाही.

पण घरात याची किंमत मोजली गेली. फंडातून कर्ज, मग काकूंच्या पाटल्या, मग शिवणाच्या मशीनवर काकूंनी रेटलेला संसार. शोकसभेत कुणीतरी "झपाटलेला कलावंत" म्हणालं, तेव्हा काकू उठून आत गेल्या. त्या मला विसरता येत नाहीत. म्हणून काकांवर माहितीपट करायचा तर नुसती आरती ओवाळायची नाही, हे मी ठरवलंय. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल जे बोलायचं ते मी त्यांनाच बोलले." आता त्यांना पुन्हा विचारू की नको?

आणि माळ्यावर २२ डबे आहेत. काही उघडले की आंबूस वास येतो. त्यांचं काय करू?

लॅबमधला

ताई, माहितीपट सहा महिन्यांनी झाला तरी चालेल, डबे आज खाली काढा. मे महिन्यात माळा म्हणजे भट्टी.

मी उभी हयात फिल्म लॅबमध्ये काढली. तो वास व्हिनेगरचाच. ॲसिटेटची फिल्म सडायला लागली की ॲसेटिक ॲसिड सुटतं आणि तेच ॲसिड पुढची सड वाढवत जातं. शेजारच्या चांगल्या रिळालाही त्याची बाधा होते. वासाचे डबे वेगळे करा, घरातल्या सगळ्यात थंड आणि कोरड्या कोपऱ्यात ठेवा, पण प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून कोंडू नका. "माझ्याकडे प्रोजेक्टर आहे, लावून बघू" म्हणणारा कुणी भेटला तर त्याला हात जोडा. आकसलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत, फिल्म फाटून निघते.

फिल्म कोडॅकची असेल तर कड भिंगाखाली धरा. बारीक गोल, चौकोन, त्रिकोण छापलेले दिसतील. त्या खुणांवरून फिल्म कोणत्या वर्षी बनली ते कळतं. खुणा वीस वर्षांनी पुन्हा तशाच येतात, पण तुमच्या काकांनी सुरुवात कधी केली हे माहीत असल्यामुळे घोळ होणार नाही. प्रत्येक डब्याची नोंद करा, फोटो काढा आणि ती यादी जोडून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला लिहा. १९६४ पासूनची संस्था आहे, रिळं जपणं हेच त्यांचं काम.

बोलेक्स किल्लीचा असेल तर अजून एक. एकदा किल्ली दिली की चोवीस फ्रेमच्या वेगाने जेमतेम अठ्ठावीस सेकंद चालतो. त्यांचा कुठलाही शॉट त्याहून मोठा सापडणार नाही. तुमच्या माहितीपटाची लय तिथून घ्या. एकेक शॉट पूर्ण राहू द्या, मध्ये कापू नका.

पडद्यामागे

फाळक्यांचं उदाहरण देतो. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फाळके लंडनला गेले, १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' आला, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. पण कोऱ्या फिल्मला कडेने भोकं पाडायला बसायच्या त्या सरस्वतीबाई, आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्याच करायच्या. दागिनेही त्यांचेच गेले. त्यांच्या तोंडून ही गोष्ट नीट ऐकायला मिळाली असती तर मराठी सिनेमाचा इतिहास मी वेगळ्या नजरेने वाचला असता. मला मनापासून वाटतं, काकूंना विचाराच.

दुसरे आठवतात मल्याळममधले दिग्दर्शक जॉन अब्राहम. तेही निर्मात्याला जुमानणारे नव्हते. १९८६ च्या 'अम्मा अरियान'साठी त्यांच्या ओडेसा गटाने गावोगाव चॅप्लिनचा 'द किड' दाखवून लोकांकडून वर्गणी जमवली. पैसा कुणाचा, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. तुमच्या काकांच्या बाबतीत वर्गणी एकट्या काकूंनी भरली. ते पडद्यावर आलंच पाहिजे.

फक्त "काका कसे होते?" असं विचारू नका. त्यावर सगळे ठरलेलंच बोलतात. हातात एखादी वस्तू द्या आणि गप्प बसा.

जासईचा

ताई, मी भूमिपुत्र. आमच्याकडे १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जमिनीच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. दि. बा. पाटील साहेबांच्या त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याचा हक्क मिळाला. त्या दिवसांचे फोटो आहेत, मोर्चाचे आहेत, नेत्यांचे आहेत. पण माझी आजी खाडीच्या बांधावरून डोक्यावर पाटी घेऊन चालतेय, असं एकही चित्र माझ्याकडे नाही. आगर म्हणजे मिठागर, त्यावरूनच आम्ही आगरी, आणि माझ्या पोरांनी मिठागर पाहिलेलं नाही.

त्या डब्यांत आमची माणसं आहेत. काकूंनी नाही म्हटलं तर नाही, बाईंना त्रास देऊ नका. पण फिल्म स्कॅन झाली की आधी गावात दाखवा. म्हातारी माणसं चेहरे ओळखतील, नावं सांगतील. ती नावं तुमच्या काकांनाही ठाऊक नसतील. अजून पाच-सात वर्षांनी ओळखणारं कोण उरणार?

खारकरआळी

सगळ्यांचे आभार. वास येणारे आठ डबे निघाले, ते काल वेगळे केले.

खिडकीशी टेबल लावून भिंगाने कड बघत होते. काकू मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. माझ्या हातून पट्टी घेतली, दोन बोटांनी नुसत्या कडांना धरली, चित्राला बोट लागू दिलं नाही, आणि उजेडासमोर नेली. भिंग नको म्हणाल्या. "ही होडी उलटी घातलेली. डांबर लावतायत. तेव्हा पाऊस आला आणि हे भिजत परत आले, कॅमेरा सदऱ्यात." मग आत जाऊन एक वही घेऊन आल्या. वाण्याच्या हिशेबाची, लाल कापडी पाठीची. त्यात घेतलेल्या प्रत्येक रिळाची तारीख, फूट, रुपये आणि पैसे कुठून आले ते. सगळं अक्षर काकूंचं. "ब्लाउज ६" असं लिहिलंय आणि पुढे "१०० फूट". शंभर फूट म्हणजे पावणेतीन मिनिटं.

मी परत विचारलं. म्हणाल्या, "माझ्या तोंडावर कॅमेरा नको. वहीवर ठेव. मी वाचते."

जासईचे दादा, सातव्या डब्यातल्या काही फ्रेमचे फोटो काढलेत. एका बाईच्या डोक्यावर पाटी आहे. चालेल ना, येत्या रविवारी घेऊन येते. काकूही येईन म्हणतायत.