खोलीतल्या खोलीत केलेला प्रवास हा प्रवास मानावा का?

उंबरठा (धागाकर्ता):
इ.स. १७९० मध्ये तुरिन शहरात द्वंद्वयुद्ध केल्याबद्दल झाव्हिए द मेस्त्र या तरुण लष्करी अधिकाऱ्याला ४२ दिवस खोलीतच स्थानबद्ध राहावे लागले. भिंतीलगत चालल्यास ३६ पावलांत फेरी पूर्ण व्हावी, एवढी ती खोली. तरीही पलंग, आरामखुर्ची आणि भिंतीवरची चित्रे हेच मुक्काम मानून त्याने ४२ प्रकरणांचे प्रवासवर्णन लिहिले. त्यात प्रवासवर्णनांची थट्टा आहेच (खुर्चीसकट कोसळणे हा वाटेतला अपघात!), परंतु रोज हाताखालून जाणाऱ्या वस्तूंपाशी थबकून त्यांच्यामागच्या आठवणींपर्यंत जाणे हा माझ्या मते खराखुरा प्रवास आहे.

पायपीट:
त्याच पुस्तकाचा शेवट आपण सोयीने वगळला आहे. सुटकेच्या दिवशी द मेस्त्र कल्पनेतल्या सुखांसाठी हळहळतो हे खरे, पण आपल्याला मोकळ्या हवेची गरज आहे आणि एकांत मृत्यूसारखा असतो, असेही तोच लिहितो. खोलीत आपण तेच पाहतो जे आधी बाहेरून आत आणलेले असते. परक्या ठिकाणी रस्ता चुकतो, बोलणे समजत नाही, मनातले चित्र पुसून पुन्हा काढावे लागते. बसल्या जागी केलेली कल्पना मात्र आपल्याला कधीच खोटे पाडत नाही.

उंबरठा:
मग कांटचे काय? पूर्व प्रशिया या आपल्या प्रांताबाहेर कधीही न गेलेल्या या जर्मन तत्त्वज्ञाने कोनिग्सबर्ग या आपल्या शहरात सुमारे ४० वर्षे प्राकृतिक भूगोल शिकवला.

पायपीट:
उदाहरण आपण दिलेत, पण ते माझ्या बाजूचे आहे. दूरच्या खंडांतील माणसांविषयी कांटने त्या व्याख्यानांत जी हीन विधाने केली, ती त्याने इतरांची प्रवासवर्णने वाचूनच केली होती आणि ज्यांच्याविषयी तो बोलत होता त्यांच्यापैकी कोणी समोर उभे राहून त्याला अडवणार नव्हते.

उंबरठा:
ती वर्णने लिहिणारे तर तिथे प्रत्यक्ष जाऊन आले होते ना? जहाजातून हजारो मैल जाऊनही जे पूर्वग्रह जसेच्या तसे परत आले, त्यांचा दोष एकट्या खोलीवर कसा टाकता येईल? आपल्या युक्तिवादातली ही फट मला बरीच मोठी वाटते.

मिटले डोळे:
आपण दोघेही कल्पना म्हणजे मनात दिसणारे चित्र असे गृहीत धरत आहात. माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे काहीही उमटत नाही. या स्थितीला २०१५ मध्ये ‘अफँटेझिया’ असे नाव मिळाले. न पाहिलेला समुद्र मला डोळ्यांपुढे आणता येत नाही, त्यामुळे नकाशा उघडून देशोदेशी हिंडणे माझ्यासाठी बंद आहे. द मेस्त्रचा प्रवास मात्र मला जमतो, कारण त्याची खुर्ची आणि त्याची चित्रे डोळ्यांसमोर होती. तेव्हा धाग्यात दोन वेगळे प्रवास एकत्र झाले आहेत, आणि पायपीट यांचा आक्षेप त्यांपैकी दुसऱ्यालाच, म्हणजे कांटच्या प्रवासाला, लागू पडतो.