लॅबच्या लोगो-इंट्रोमध्ये सूक्ष्मजीव कसा दाखवावा?

प्रश्न (फोंडा) :
आमची छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. पावसाळ्यातील डेंग्यू व लेप्टोस्पायरोसिस यांविषयी रुग्णांसाठी आम्ही मराठी व्हिडिओ करू लागलो असून त्यांच्या आरंभी सहा सेकंदांचा लोगो-इंट्रो हवा आहे. एका अ‍ॅनिमेटरने तयार टेम्प्लेटवरून नमुना दिला : काटेरी हिरवे गोळे शेपट्या हलवत पोहत येतात, एकमेकांना चिकटतात आणि त्यांतून आमचे नाव उमटते. डॉक्टरांना ते खटकले. पण काय बदलायचे, हे अ‍ॅनिमेटरला नेमके कसे सांगावे?

उत्तर (सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, म्हापसा) :
डॉक्टरांचे खटकणे रास्त आहे. विषाणूला शेपटी हलवून पोहता येत नाही. तो द्रवाबरोबर वाहतो, थरथरतो. शिवाय डेंग्यूचा पक्व विषाणू सुमारे ५० नॅनोमीटरचा आणि बराचसा गुळगुळीत असतो, त्यामुळे काटेही परके. आपल्या विषयाला लेप्टोस्पायरोसिस घडवणारा लेप्टोस्पायरा अधिक शोभेल. हा जिवाणू जेमतेम ०.१ मायक्रोमीटर जाड, पण ६ ते २० मायक्रोमीटर लांब, मळसूत्रासारखा पिळदार असतो आणि त्याची टोके आकड्यासारखी वळलेली असतात. त्याच्या कशाभिका (हालचालीसाठीचे बारीक तंतू) आवरणाच्या आत असल्याने बाहेर शेपटी दिसत नाही, सगळे शरीरच गिरकी घेत पुढे सरकते. त्याचा आकार प्रश्नचिन्हासारखा दिसतो म्हणून एका जातीचे नावच ‘इंटेरोगन्स’ ठेवले आहे. तपासणी करणाऱ्या लॅबला याहून चांगली कल्पना आयती मिळणे कठीण!

उत्तर (अ‍ॅनिमेटर, पर्वरी) :
बाईंच्या सूचनेत चित्रीकरणाचीही सोय आहे. लेप्टोस्पायरा डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या पार्श्वभूमीवर चमकणाऱ्या धाग्यासारखा दिसतो, म्हणजे प्रकाशयोजना निसर्गानेच करून ठेवली आहे आणि भडक हिरव्या रंगाची गरज उरत नाही. सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) धरल्या तर सहा सेकंदांत १५० चौकटी होतात. त्यांतील शेवटच्या ५० तरी नाव स्थिर दिसण्यासाठी राखून ठेवा. झगझगाट सेकंदाला तीनपेक्षा अधिक वेळा नको, कारण प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो. तयार टेम्प्लेट वाईट नसते, पण तेच गोळे उद्या एखाद्या फिनेलच्या जाहिरातीतही दिसतील.

उत्तर (डॉक्टर, मडगाव) :
प्रतीक्षागृहात बसलेल्या रुग्णाला लेप्टोस्पायरा ओळखू येणार नाही, हे मान्य करून एक मुद्दा मांडतो. जंतू एकत्र येऊन लॅबचे नाव बनते, तेव्हा लॅब जंतूंचीच असल्यासारखे वाटते. त्याऐवजी तो धागा भिंगाखाली यावा, स्पष्ट दिसावा आणि मग भिंगाच्या कडेला नाव उमटावे.

प्रश्नकर्ता (फोंडा) :
आपणा सर्वांचे आभार. भिंगाची कल्पना आमच्या डॉक्टरांना लगेच पटली. डेंग्यूच्या व्हिडिओलाही हाच इंट्रो लावावा, की तिथे धाग्याविना नुसते भिंग ठेवावे, एवढेच ठरायचे आहे.

उत्तर (शिक्षिका, म्हापसा) :
नुसते भिंग ठेवा. डेंग्यूचा विषाणू साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकातून दिसतच नाही.