अनुभव धागा: मॉर्फीन, ट्रॅमाडॉल आणि प्रतिकारशक्ती

"मॉर्फीन नको, पेशंटची ताकद जाते" हे वडगाव-शहापुरात हल्ली वरचेवर ऐकू येतं. मॉर्फीन म्हणजे जबर वेदनेवरचं औषध, आणि ताकद म्हणजे रोगाशी लढायची. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्यांनी आपलं लिहा. डोस मात्र लिहू नका, कुणीतरी उचलून वापरेल.

निपाणीहून
आईचं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. तोंडाचा कॅन्सर. "दुखूलंय गं" म्हणत रात्रभर बसून असायची. मॉर्फीन लागू पडलं, झोप लागली, पेज पोटात जाऊ लागली. मग न्यूमोनिया झाला आणि सगळं घर गोळ्यांवर घसरलं. डॉक्टरांनी मात्र आधी केमोनं उतरलेल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी दाखवल्या. मॉर्फीनचाही वाटा असू शकतो म्हणाले: खोकला दबतो, गुंगीत कफ साचतो. गोळी बंद नाही केली. उशाला उंची दिली, ताप मोजत राहिलो. मामा अजून रागावलेलाच आहे.

बेळगावहून, नर्स
मॉर्फीन आणि त्याच्या जातीच्या औषधांना ओपिऑइड म्हणतात. ती जिथे चिकटून काम करतात ते रिसेप्टर पांढऱ्या पेशींवरही असतात. मॉर्फीननं नॅचरल किलर पेशी (विषाणू शिरलेल्या आणि कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या) मंदावतात, जंतू गिळणाऱ्या पेशीही. आतड्याची हालचाल थंडावते. तिथले जंतू रक्तात शिरतात, असं प्राण्यांत दिसलंय. माणसांतलं म्हणाल तर अमेरिकेतल्या टेनेसीतल्या नोंदींवरचा 2018 चा अभ्यास आहे. ही औषधं घेणाऱ्यांत न्यूमोकॉकस या न्यूमोनिया करणाऱ्या जंतूचा गंभीर संसर्ग सुमारे 1.6 पट आढळला. पण हे औषध मुळात आजारीच माणसं घेतात, त्यामुळे सगळा दोष गोळीचा असं त्यावरून ठरत नाही. शिवाय न शमलेली वेदनाही प्रतिकारशक्ती पाडते, हे नातेवाइकांना सांगून सांगून तोंड दुखतं.

खानापूर, औषध दुकान
आमच्याकडची तऱ्हा उलटी. मॉर्फीनला भितात, ट्रॅमाडॉल मात्र कंबरदुखीला चिठ्ठीशिवाय मागतात. तेही ओपिऑइडच, 2018 पासून एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली. नाही म्हटलं की "पलीकडच्या दुकानात मिळतंय" हे ठरलेलं.

चिकोडीहून
वडिलांना ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच आहे, म्हणजे कातडीवर चिकटवायचं ओपिऑइड. प्रतिकारशक्तीवर याचा भार कमी म्हणतात, ते खरं का?

बेळगावहून, नर्स
प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय, माणसांतला पुरावा तोकडा. पॅच चालू असताना ताप आला तर अंगावर काढू नका. आणि पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, उष्णतेनं औषध एकदम जास्त शोषलं जातं.