गुऱ्हाळाच्या चुलवाणाला कोणतं कास्टेबल घ्यावं?

ऊसकरी_कराड
नमस्कार मंडळी. कराड तालुक्यात आमचं वडिलोपार्जित गुऱ्हाळ आहे. चुलवाणाचं तोंड आणि काहिलीखालचा पुढचा भाग दर हंगामात ढासळतो आणि आम्ही माती-वीट लिंपून वेळ मारून नेतो. यंदा कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून ओतायचं उष्णता सोसणारं मिश्रण, ओतायचा विचार आहे. दुकानदार विचारतो, ४५ टक्के अॅल्युमिना हवं, ६० का ९०? मला त्यातलं काही कळत नाही. जळण चिपाडच. बजेट १५ हजार, मजुरी धरून. दिवाळी झाली की गाळप सुरू.

फौंड्री_कुपवाड
९० घ्या, डोळे झाकून. अॅल्युमिना जास्त तितकी उष्णता जास्त सोसते. आमच्या लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, लोखंडाचा रस १४०० अंशांच्या घरात असतो, तिथं मी ९० टक्क्यांचं लो-सिमेंट, म्हणजे कमी सिमेंटचं कास्टेबल, वापरतो आणि अस्तर काढायची वेळ लवकर येत नाही. स्वस्तातलं घेऊन दोनदा खर्च करणारे खूप बघितलेत.

वाईची_भट्टी
आम्ही पावाची भट्टी स्वतः बांधली. गवंडीकाकांच्या सांगण्यावरून घुमटाला साधं बांधकामाचं सिमेंट आणि वाळू वापरली. पहिला पावसाळा संपेपर्यंत आतून पापुद्रे पडायला लागले, पिठात खडे आले. रडू आलं होतं मला. दादा, काहीही घ्या, पण साधं सिमेंट नको.

मिस्त्री_पलूस
ताई म्हणतात ते खरं आहे. साध्या सिमेंटमधला चुना चार-पाचशे अंशांत पाणी सोडतो, भट्टी थंड झाली की हवेतली ओल परत ओढतो आणि फुगतो. तिथंच चिरा पडतात. कास्टेबलमधलं सिमेंट वेगळं, कॅल्शियम अॅल्युमिनेटचं. बाकी भाजलेली माती नाहीतर बॉक्साइटची खडी.

साखर_बॉयलर
पंचवीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढली, सगळी बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुपवाडकर भाऊंचं त्यांच्या कामासाठी बरोबर आहे. पण चुलवाणात लोखंड वितळवायचं नाही. चिपाडाच्या जाळाला ४५ टक्क्यांचा माल उष्णतेच्या बाबतीत पुरून उरतो. तुमचा शत्रू राख आहे. उसाच्या राखेत सिलिका असते, तसा पोटॅशही असतो. पोटॅश अस्तरात मुरतो, अॅल्युमिना-सिलिकाशी मिळून नवी खनिजं तयार होतात, त्यांचं आकारमान वाढतं आणि वरचा थर कवचासारखा सुटतो. तुमचं तोंड ढासळतं ते बहुतेक याच्यामुळं आणि रोजच्या तापण्या-निवण्यामुळं. अॅल्युमिना वाढवून हे थांबत नाही. दुकानात ‘अल्कली रेझिस्टंट’ मागा. त्यात सिलिका जास्त ठेवलेली असते, पृष्ठभागावर काचेसारखा घट्ट थर धरतो आणि पोटॅशला आत शिरू देत नाही.

आता मालाचा हिशोब. दोन चौरस मीटर जागा आणि साडेचार इंच जाडी धरली तर ०.२३ घनमीटर होतं. घनमीटरला दोन-सव्वादोन टन माल लागतो. म्हणजे जवळपास पाचशे किलो, २५ किलोच्या वीस पिशव्या. ९० टक्क्यांच्या मालाला याहून जास्त वजन लागेल.

फौंड्री_कुपवाड
राख आमच्याकडेही असते साहेब. आणि लो-सिमेंटमध्ये चुना अडीच टक्क्यांच्या आत असतो, म्हणून तो माल तापमानाला ताकद सोडत नाही. साध्या कास्टेबलची ताकद ८००-१००० अंशांच्या पट्ट्यात खाली येते, हे तरी मान्य कराल?

साखर_बॉयलर
मान्य. पाण्याचा बंध गेलेला असतो आणि भाजणीचा बंध अजून धरलेला नसतो. पण लो-सिमेंटला व्हायब्रेटर लागतो, पाणी पाच-सहा टक्क्यांवर रोखावं लागतं. गुऱ्हाळावर घमेल्यात कालवणाऱ्याला ते जमणार कसं?

धुराडं_शिराळा
धुराड्याची उंची किती आहे? ओढ कमी असेल तर जाळ तोंडातून बाहेर येतो आणि तोंडच जळतं. आम्ही उंची वाढवली, तेव्हापासून चिपाडही कमी लागतं.

मिस्त्री_पलूस
माझा अनुभव वाचून मग ओता. एका ठिकाणी सहा इंचांचं अस्तर ओतलं, मालक घाईत. दुसऱ्याच दिवशी भरपूर जाळ घातला. तासाभरात बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि परातीएवढा तुकडा बाहेर आला. गडी पाणी प्यायला गेला होता म्हणून वाचला. आतल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट नसते. कमी गारठ्यात ओता, कारण थंडीत धरलेला माल वाफ आणखी कोंडतो. २५ किलोच्या पिशवीला अडीच लिटरच्या आसपास पाणी, पिशवीवर लिहिलंय तेवढंच. मुठीत गोळा करून हातभर वर उडवून झेला. पसरला तर पाणी जास्त, फुटला तर कमी. २४ तास ओलं पोतं. मग ११० अंशांना थांबा, इंचाला एक तास, आणि पुढं तासाला पंचवीस-तीस अंशांनी चढवा. ३५० पर्यंत घाई अजिबात नको, सिमेंटला धरलेलं पाणी तिथवर सुटत असतं. पॉलिप्रॉपिलीन फायबरवाला माल मिळाला तर उत्तम. ते तंतू १६५ च्या आसपास वितळतात आणि वाफेला वाट होते.

मिरज_वर्कशॉप
पाणी मोजूनच घाला, हे सगळ्यात महत्त्वाचं. आणि मागं इन्सुलेशन द्या, सिरॅमिक ब्लँकेट बसवा. आम्ही बसवलंय, बाहेरून हात लावता येतो.

ऊसकरी_कराड
सर्वांचे आभार. बजेट १५ हजारच आहे, ब्लँकेट त्यात बसत नाही. मेहुण्याच्या कारखान्यात दोन वर्षांपूर्वीच्या ९० टक्क्यांच्या सहा पिशव्या पडून आहेत, फुकट देतो म्हणतो. त्या वापरू का?

फौंड्री_कुपवाड
फुकट मिळतंय तर घ्याच.

साखर_बॉयलर
नको. दोन वर्षांत सिमेंट हवेतली ओल पितं. पिशवीत गोळे झालेत का बघा. गोळे असतील तर ती भरताडच.

ऊसकरी_कराड
मेहुण्याकडं जाऊन आलो. सहापैकी चार पिशव्यांत खडेच निघाले. साहेब, तुम्ही वेळेत सांगितलंत.

ठरवलंय ते सांगतो, बऱ्याच जणांना पटणार नाही. यंदा कास्टेबल ओतत नाही. सुकवून हळूहळू तापवायला आठवडा लागतो, आणि उसाची तोड आता थांबवता येत नाही. तोंडाला आयएस ८ च्या, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या, विटा फायरक्लेच्या (भट्टीच्या मातीच्या) पातळ सांध्यात बसवतोय, गावचा मिस्त्री तयार आहे. मात्र अल्कली रेझिस्टंटची एक पिशवी आणि साध्या ४५ ची एक पिशवी आणून दोन्हींचे वीतभर ठोकळे ओतलेत. पलूसच्या मिस्त्रींनी सांगितलं तसं मुठीत गोळा उडवून बघितला, पोतं टाकलंय. सावकाश तापवून ते तोंडाच्या आतल्या बाजूला, जाळ आणि राख दोन्ही लागतील असे ठेवणार. गाळप संपलं की फोडून आतला रंग आणि थर बघतो. फोटो इथंच टाकतो.

मिस्त्री_पलूस
ठोकळ्यांवर खूण करून ठेवा दादा, दोन्ही काळे झाल्यावर ओळखू यायचे नाहीत.