मदत हवी आहे: मीटिअर ३५० साठी कोणता एअर इनटेक घ्यावा? (इंदूर)

नमस्कार मंडळी. माझी रॉयल एनफिल्डची मीटिअर ३५० मोटरसायकल आहे, रोजचं विजयनगर ते राजवाडा आणि रविवारी महूमार्गे जानापाव किंवा मांडव. परवा एअर फिल्टर उघडला तर कागदाच्या घड्यांमध्ये बारीक काळपट धूळ घट्ट बसलेली. झटकून निघेना, बोटाला पिठासारखी लागत होती. माळव्यातली काळी माती आणि जागोजागी खोदलेले रस्ते, दुसरं काय होणार!

आता बदलायचाच आहे तर दोन वाटा दिसतात. एक, मूळ एअरबॉक्स (फिल्टरची बंद पेटी) तसाच ठेवून त्यात बसणारा, धुऊन पुन्हा तेल लावायचा कापडी फिल्टर. दुसरी, एअरबॉक्स काढून उघडा कोन (शंकूच्या आकाराचा) फिल्टर. इथला एक मेकॅनिक ही दुसरी वाटच गळी उतरवतोय, "आवाज बघा कसा येतो." मला आवाजापेक्षा इंजिनाची काळजी आहे. जास्त हवा आली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं, तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापणार ना? ओ-टू सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल कमी-जास्त करायला लावणारा) थोडंफार सांभाळून घेईल, पण पूर्ण थ्रॉटलला त्याच्या भरवशावर राहावंसं वाटत नाही. शिवाय पावसाळ्यात उघड्या फिल्टरवर सरळ पाणी.

कोणी कोन लावून पावसाळा काढलाय का? फ्युएल कंट्रोलर (पेट्रोलचं प्रमाण बदलणारं जोड-उपकरण) लावावा किंवा रीमॅप (गाडीच्या कॉम्प्युटरमधली पेट्रोलची सेटिंग बदलणं) करावंच लागलं का? आणि कापडी फिल्टर आपल्या धुळीत किती किलोमीटरला धुता? सिमरोल घाटात चढावर खरंच फरक जाणवला असेल तर तेही लिहा. वीस बीएचपीच्या गाडीत तो किती असणार, हीच शंका आहे.