पाचगणी, वाई की कास रस्ता: पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देण्यासाठी घर घ्यावे का?

गोडोलीकर

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि येत्या मार्चमध्ये नोकरीतून निवृत्त होत आहे. भविष्य निर्वाह निधी व उपदान मिळून जी रक्कम हाती येईल, तिच्यापैकी सुमारे 70 लाख रुपये पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देता येईल अशा घरात गुंतवावेत, असा विचार आहे. आतापर्यंत तीन जागा पाहिल्या. पहिली म्हणजे पाचगणीतील दोन शयनगृहांची सदनिका, दुसरी वाईजवळ मेणवलीच्या बाजूला असलेले जुने पण मजबूत बैठे घर आणि तिसरी कास रस्त्यालगतच्या एका गावात पाच गुंठ्यांवर बांधून मिळणारा बंगला. तिसऱ्या जागेच्या मध्यस्थाने वर्षाला 200 रात्री सहज भरतात आणि रात्रीला 7,000 रुपये मिळतात, असा हिशेब वहीवर मांडून दाखवला. तो ऐकून आमच्या सौभाग्यवती माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागल्या, त्यावरून हा प्रश्न येथे विचारणे मला आवश्यक वाटले. प्रत्यक्ष हा व्यवसाय करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भिलार शिवारातून

आपल्या सौभाग्यवतींची नजर योग्य ठिकाणी गेली आहे. भिलारजवळ आमचे तीन खोल्यांचे घर गेली सहा वर्षे याच पद्धतीने चालू आहे, त्यामुळे आमचेच आकडे देतो.

वर्षात 52 आठवडे असतात, म्हणजे शुक्रवार-शनिवारच्या रात्री 104. आपल्याकडचा पाहुणा मुख्यतः पुण्या-मुंबईचा असून तो शनिवार-रविवार जोडूनच येतो. सोमवार ते गुरुवार घर भरते ते केवळ दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा आणि एप्रिल-मे या काळात. जुलै-ऑगस्टमध्ये धुके पाहायला काही तरुण मंडळी येतात खरी, परंतु घाटात दरड पडल्याची बातमी आली की आरक्षणे एका दिवसात रद्द होतात. 2021 च्या जुलैमध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर आमच्याकडे कित्येक दिवस कोणी फिरकले नाही. अशी सगळी बेरीज-वजाबाकी करून आमच्या वर्षाला साधारण 95 रात्री भरतात. 200 रात्री भरलेल्या मी अजून पाहिलेल्या नाहीत.

आता 95 रात्री गुणिले 7,000 म्हणजे 6,65,000 रुपये. त्यातून घर सांभाळणाऱ्या जोडप्याचा पगार महिना 15,000 प्रमाणे 1,80,000 जातो. आरक्षणाच्या संकेतस्थळांचे कमिशन 50,000 पर्यंत जाते, तेही आमचे निम्मे पाहुणे जुने व थेट फोन करणारे आहेत म्हणून. चादरी-टॉवेलांची धुलाई व सफाई 48,000, वीज, इंटरनेट आणि पाण्याचे टँकर मिळून 75,000, आणि पावसाळ्यानंतरची डागडुजी व रंग 90,000. हाती उरतात 2,22,000 रुपये, तेही प्राप्तिकराच्या आधी. 70 लाखांवर हा परतावा जेमतेम सव्वातीन टक्के होतो. बँकेतील मुदत ठेव यापेक्षा अधिक देते आणि तिच्या गाद्यांना बुरशीही लागत नाही. जागेची किंमत वाढेल ही आशा वेगळी, पण ती भाड्याच्या हिशेबात मिसळू नये.

पाण्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा, कारण नवख्या माणसाच्या तो शेवटी लक्षात येतो. आपल्या डोंगरमाथ्यावर जांभा दगड आहे. पाऊस कितीही पडला तरी पाणी या सच्छिद्र दगडातून झिरपून खाली निघून जाते, आणि माथ्यावरील गावांचे झरे नेमके एप्रिल-मेमध्ये आटतात, म्हणजे ज्या दिवसांत पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी असते आणि प्रत्येक जण दोन वेळा अंघोळ करतो, त्याच दिवसांत. म्हणून कोणतीही जागा ऑक्टोबरमध्ये हिरवीगार असताना पसंत करू नये. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात जावे, टाकीचे झाकण उघडून पाहावे आणि शेजारच्या घरी टँकर कितीला येतो ते विचारावे.

खणआळीचा करसल्लागार

वरील हिशेब वास्तवाला धरून आहे. मी कागदपत्रांविषयी लिहितो.

कास रस्त्यावरील पाच गुंठ्यांचा सातबारा स्वतंत्र आहे की अनेकांच्या नावे सामाईक, हे सर्वप्रथम पाहावे. सामाईक उताऱ्यावर घेतलेल्या तुकड्याची पुढे मोजणीही होत नाही आणि विक्रीही अडते. जमीन शेतीची असेल तर कूळकायद्याच्या कलम 63 नुसार, परवानगी मिळाल्याखेरीज ती शेतकऱ्यालाच घेता येते, म्हणून आपल्या नावावर कोठे शेती आहे का, हेही तपासावे. जमीन बिनशेती झाली आहे का आणि बांधकामाचा नकाशा मंजूर आहे का, हे मूळ आदेश वाचूनच ठरवावे. ‘सगळे होऊन जाईल’ हे मध्यस्थाचे वाक्य म्हणजे आदेश नव्हे. कासचे पठार 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि त्या बाजूच्या विनापरवाना बांधकामांवर प्रशासनाचे लक्ष असते. पाचगणी-महाबळेश्वरचा परिसर तर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे, त्यामुळे तेथे ‘नंतर वर एक मजला चढवू’ असा बेत करून घर घेऊ नये. सदनिकेच्या बाबतीत गृहनिर्माण संस्थेचे उपविधी आणि सभेचे ठराव मागून घ्यावेत. दर शनिवारी नवे बिऱ्हाड येऊन रात्री गाणी लावते, हे शेजारी फार काळ सोसत नाहीत.

करांबाबत थोडक्यात सांगतो. सेवांची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर आपल्याला जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही आणि संकेतस्थळामार्फत झालेल्या आरक्षणावरील कर ते संकेतस्थळच भरते. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर 2025 पासून हा दर 5 टक्के आहे. सफाई, चहा-नाश्ता अशा सेवांसह दिला जाणारा अल्पमुदतीचा निवास सामान्यतः व्यवसायाचे उत्पन्न ठरतो. त्यामुळे घरभाड्यावर मिळणारी सरसकट 30 टक्के वजावट येथे गृहीत धरू नये. प्रत्यक्ष खर्चाच्या पावत्या जपून ठेवाव्यात. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते.

मेणवलीची सून

आमच्या सासूबाईंच्या जुन्या घरातील दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. वाडा आणि कृष्णेचा घाट पाहायला येणारी माणसे एकच रात्र राहतात, दर आम्हाला 2,500 च्या वर मिळत नाही, पण आम्ही स्वतः घरात असल्याने पगारी माणूस लागत नाही, आणि पिठले-भाकरी, वांग्याची भाजी व ठेचा असे जेवण दिले की खोलीपेक्षा ताटावर अधिक सुटते. विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असते. मात्र पाहुणे घरात असताना आपल्याला घर सोडता येत नाही. गेल्या वर्षी सख्ख्या भाचीच्या हळदीला मी जाऊ शकले नाही. निवृत्तीनंतर आपण दोघे असे बांधून घ्यायला तयार आहात का, हे आधी ठरवा.

गोडोलीकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल कास रस्त्याच्या जागेचा सातबारा काढला, त्यावर अकरा नावे निघाली, तेव्हा तो विषय संपला. सदनिकेचा विचारही तूर्त बाजूला ठेवला आहे. मेणवलीचे घर साताऱ्याहून तासाभराच्या अंतरावर आहे. मालक एक वर्ष करारावर चालवायला देण्यास तयार असून पुढे विकत घ्यायचे ठरल्यास भाडे किमतीतून वळते करू म्हणतात. अशा करारात काय पाहावे?

खणआळीचा करसल्लागार

करार नोंदणीकृत करावा. पाहुण्यांना दिवसाच्या भाड्याने देण्याची परवानगी त्यात स्पष्ट शब्दांत असावी आणि भाडे किमतीतून वळते करण्याचे कलम आजच्या ठरलेल्या किमतीसह लिहून घ्यावे. अन्यथा आपण घर नावारूपाला आणल्यावर मालक त्याच नावाची किंमत आपल्याकडूनच मागेल. डागडुजी कोणी करायची हेही लिहावे, विशेषतः कौलांची.

भिलार शिवारातून

आणि करार मे महिन्यात सुरू करू नका. जूनपासून सुरू केलात तर पहिले चार महिने कौले कोठे गळतात, ओल कोठे येते आणि वीज किती वेळा जाते हे पाहण्यात जातील, आणि दिवाळीच्या पाहुण्यांपर्यंत घर तुमच्या हाताखालचे झालेले असेल. गाद्या मात्र पावसाळा संपल्यावरच घ्या.